हजार ओळींमागे चौदा

आंबेसरी धरणाच्या चौथ्या दरवाजाचं रबर शेवटचं कधी बदललं, एवढाच प्रश्न होता. पावसाळ्याआधीच्या तपासणीचे दिवस आले की शाखा अभियंता निकाळजे साहेबांना असले प्रश्न सुचू लागत आणि ते सगळे स्वप्नाली भोईटेच्या टेबलावर येऊन पडत, कारण जुन्या नोंदी उपसण्यात तिचा हात धरणारं धरणावर दुसरं कोणी नव्हतं.

साल २०४१ उजाडलं तरी कंट्रोल रूममधला संगणक म्हाताराच होता, आणि मुद्दाम म्हातारा ठेवला होता. दरवाजे हलवणाऱ्या यंत्रणेच्या शेजारी बाहेरच्या जगाशी जोडलेलं काहीही नको, असा खात्याचा नियम. त्यामुळे बाकीचं जग यंत्रांशी गप्पा मारून कामं करून घेत असताना स्वप्नाली अजून काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करत होती. रोजची नोंदवही म्हणजे साध्या मजकुराची एक फाइल, आणि अशा अठरा वर्षांच्या हजारो फाइली. त्यांत काही शोधायचं तर सत्तरेक वर्षांपूर्वी कोणीतरी लिहून ठेवलेला एक चिमुकला प्रोग्राम होता. त्याला हवा तो शब्द द्यायचा, फाइलींची जागा सांगायची आणि एंटर दाबायचं. तो एकेक ओळ तपासतो, शब्द सापडला तर ती ओळ समोर टाकतो, नाही सापडला तर पुढे जातो. त्याला अर्थ कळत नाही, कंटाळा येत नाही आणि तो पदरचं काही सांगत नाही. स्वप्नालीला तो आवडायचा तो नेमका यासाठीच.

तिने ‘रबर’ टाकलं. पहिल्या तीन दरवाजांच्या नोंदी भराभर आल्या. चौथ्याची एकही नाही. मग ‘सील’ टाकलं, ‘गळती’ टाकलं, तरी काही नाही. शेवटी तिला आठवलं की ते काम दोन वर्षांपूर्वी होळीच्या आसपास झालं होतं, आणि तिने त्या दिवसांच्या फाइली डोळ्यांनी वाचून काढल्या. नोंद होती. खटावकर अण्णांच्या नावाची, दुपारी दोनची: ‘चौथ्याचं ते बदललं, तिकडचं पण बघून घेतलं.’

शोध चुकला नव्हता. लिहिलाच नाही तो शब्द सापडणार कुठून? स्वप्नालीने ती ओळ दोनदा वाचली आणि पडद्यावरच्या ‘ते’ आणि ‘तिकडचं’ या शब्दांवर बोट ठेवलं.

त्याचं कारण असं, की तोवर कांगाबाईंची ओळ घराघरांत पोचली होती. डॉ. फरीदा कांगा या पुण्यातल्या मेंदूविकारतज्ज्ञ. ज्यांना पुढे स्मृतिभ्रंश झाला आणि ज्यांना झाला नाही, अशा अकरा हजार माणसांची जुनी पत्रं, मेल आणि दफ्तरी टिपणं त्यांनी जमवली. त्यांना दिसलं ते असं, की विसरणं सुरू होण्याच्या आठ-दहा वर्षं आधीच माणूस वस्तूंची नावं घ्यायचं टाळू लागतो. नाव आठवत नाही असं नव्हे. विचारलं तर चटकन सांगेल. पण ते शोधून आणायला मेंदूला पूर्वीपेक्षा किंचित जास्त कष्ट पडू लागलेले असतात, आणि मेंदूइतका कामचुकार नोकर दुसरा नाही. तो नावाच्या जागी ‘ते’, ‘तिकडचं’, ‘त्याच्या खालचं’, ‘तसलं’ असा हाताशी आलेला शब्द ठेवतो आणि पुढे सरकतो. जिन्याची मोडकी पायरी पायाला आपोआप कळावी आणि आपण ती न बघता ओलांडावी, तसं हे चालतं. असे शब्द सगळेच वापरतात. पण एकाच ओळीत ते दोनदा यावेत, हे निरोगी माणसाच्या हातून हजार ओळींत तीन-चार वेळा होतं. ज्याच्या मेंदूत आजाराने बिऱ्हाड मांडलंय त्याच्या हातून बारापेक्षा जास्त वेळा.

हे मोजायला कसलंही अजस्र यंत्र लागत नव्हतं. त्या शब्दांची यादी, मधे उभ्या रेघा, म्हणजे ‘हा किंवा हा’; मग एक टिंब आणि एक चांदणी, म्हणजे ‘मधे काहीही असो’; मग पुन्हा तीच यादी. झाली ओळ. स्वप्नालीच्या म्हाताऱ्या प्रोग्रामलाही ती चालत होती. सरकारने घाईने कायदा केला, की दुसऱ्याचा मजकूर त्याच्या संमतीवाचून तपासणं हा गुन्हा आहे. लोकांनी कायदा वाचला आणि ओळ पाठ केली. सोयरिकीच्या बैठकीआधी मुलाच्या वडिलांचे जुने मेसेज मागवले जाऊ लागले. सोसायटीच्या निवडणुकीत अध्यक्षांची परिपत्रकं तपासून त्यांना घरी बसवलं गेलं. जावई सासऱ्यांना निरोप धाडताना ‘स्टीलचा डबा लाकडी कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवला आहे’ असं पंचनाम्यासारखं लिहू लागले. औषध होतं, नाही असं नाही. लवकर सुरू केलं तर ते आजार लांबवायचं. थांबवायचं नाही.

आणि ज्यांच्या हातात रेल्वेचे सिग्नल, विजेची उपकेंद्रं किंवा धरणांचे दरवाजे आहेत, त्यांच्यासाठी वेगळा नियम झाला होता. सबळ शंका असेल तर खातं त्यांच्या नोंदी तपासू शकत होतं. आकडा बाराच्या वर गेला, की इस्पितळाचा अहवाल येईपर्यंत त्या माणसाने यंत्रणेला हात लावायचा नाही. इस्पितळाचा नंबर लागायला तीन महिने लागत.

हणमंत खटावकर, म्हणजे अण्णा, सत्तावन्न वर्षांचे होते. निवृत्तीला एक पावसाळा राहिला होता. स्वप्नाली बारा वर्षांपूर्वी इथे आली तेव्हा तिला दरवाजा नुसत्या आवाजावरून ओळखायला त्यांनी शिकवलं होतं. ब्रेक घासत असेल तर तो कसा कण्हतो आणि दोर कोरडा असेल तर कसा करकरतो, ते दाखवलं होतं. धरणाखाली चौदा गावं. पुराच्या दिवशी दरवाजा अर्धा फूट जास्त उचलला तर त्यांतल्या तीन गावांत पाणी शिरतं, हे अण्णांनी तिच्याकडून घोकून घेतलं होतं. अण्णा सकाळी सहा ते दोन, ती दोन ते दहा, आणि तरणाताठा जुनैद मुल्ला दहा ते सहा. जुनैद नोकरीला लागला तेव्हापासून सहा वर्षं पाळ्या याच होत्या. रोज दुपारी दोनला अण्णा खुर्चीतून उठत, ती बसे, अण्णा पाळीत काय झालं ते सांगत आणि ती टाइप करी. नोंद अण्णांच्या नावाने जमा होई. मग ते डबा उचलून घरी जात.

स्वप्नालीने खोलीचं दार लोटून घेतलं आणि ओळ टाइप केली. अण्णांच्या नावाच्या नोंदी, गेली दोन वर्षं. पडदा भरभर वर सरकत राहिला. तिने भागाकार केला: हजार ओळींमागे चौदा.

तिने जुनैदच्या नोंदींवर तीच ओळ चालवली. दोन आले. मग जीव मुठीत धरून स्वतःच्या नावावर चालवली. तीन आले. तिचा श्वास मोकळा झाला, आणि तो मोकळा झाल्याची तिला लाज वाटली.

दोन दिवस तिने कोणाला काही सांगितलं नाही. नवऱ्याला, विक्रांतला, तेवढं सांगितलं. तो औषधाच्या दुकानात बसणारा माणूस. म्हणाला, आधी अण्णांशी बोल. तिलाही ते पटलं होतं. पण अण्णांच्या समोर बसून त्यांना हा आकडा सांगणं तिला जमण्यासारखं नव्हतं. शिवाय ते नाही म्हणाले असते तर? आणि ऑगस्टमध्ये, पाणी चढत असताना, त्यांनी नको तो दरवाजा उचलला तर? तिसऱ्या दिवशी ती निकाळजे साहेबांकडे गेली. माझं नाव येऊ देऊ नका, एवढी एकच अट तिने घातली. साहेबांनी खात्याच्या नियमाने रीतसर तपासणी केली, आकडा तोच आला, आणि ‘नेहमीच्या तपासणीत आढळल्यावरून’ असं पत्र निघालं.

पत्र मिळालं त्या दिवशी अण्णांनी तिला नेहमीसारखा चार्ज दिला. सगळं सांगून झाल्यावर ते काही क्षण दाराशी थांबले. चौथ्या दरवाजाचा ब्रेक यंदा नीट बघून घे म्हणाले, आणि गेले. ती मान खाली घालून टाइप करत राहिली.

दहा मेपासून स्वप्नाली प्रमुख ऑपरेटर झाली. पाळ्या आता बारा-बारा तासांच्या, ती आणि जुनैद. तो सकाळी चार्ज देई, ती घेई. ती संध्याकाळी देई, तो घेई. कामाचा डोंगर होता आणि तिला तो बरा वाटत होता.

महिना संपत आला तेव्हा निकाळजे साहेबांनी सांगितलं, की आता दोघांचीही तपासणी दर पंधरवड्याला होईल, संमतीच्या अर्जावर सह्या करा आणि तूच ती करून ठेव. जुनैदने हसत सही केली. ताई, माझा आकडा वाढला तर निदान लग्नाची कटकट तरी मिटेल, असं म्हणाला. सकाळी तो घरी गेल्यावर तिने नव्या सोळा दिवसांच्या नोंदींवर ओळ चालवली. तिच्या नावाचे हजारी अडीच. जुनैदच्या नावाचे साडेतेरा.

तिला वाटलं, आपण चुकून अण्णांच्या फाइली दिल्या. आज्ञा पुन्हा वाचली. बरोबर होती. पुन्हा चालवली, तोच आकडा. एकतीस वर्षांचा पोरगा, एप्रिलपर्यंत दोन आणि मेमध्ये साडेतेरा? हा आजार इतक्या झपाट्याने चढत नाही. त्याला वर्षं लागतात. मग सोळा दिवसांत बदललं काय? जुनैद तोच, दरवाजे तेच, संगणक तोच. तिने कागद घेतला आणि ऑपरेटरच्या सवयीने मांडणी केली, काय होतं आणि काय झालं.

आंबेसरीवर चार्ज देण्याची रीत जगावेगळी होती आणि ती अण्णांनीच पाडली होती. इतर धरणांवर जाणारा माणूस आपली नोंद आपण लिहितो. येणारा ती वाचतो, किंवा वाचल्यासारखं करतो. अण्णांचं म्हणणं असं, की जाणाऱ्याने काय सांगितलं याला काडीची किंमत नाही, येणाऱ्याच्या डोक्यात काय शिरलं ते महत्त्वाचं. म्हणून इथे येणाऱ्याने ऐकायचं आणि आपल्या शब्दांत टाइप करायचं. नाव जाणाऱ्याचं, शब्द येणाऱ्याचे. बारा वर्षं ही गोष्ट तिच्या इतकी अंगवळणी पडली होती, की ती ‘अण्णांची नोंद’ म्हणायची आणि तिला ती अण्णांचीच वाटायची.

जुनैदच्या नोंदी आधी अण्णा टाइप करत. हजारी दोन. आता त्या स्वप्नाली टाइप करत होती. आणि अण्णांच्या नोंदी दोन वर्षं, त्याआधीचीही चार वर्षं, तिनेच टाइप केल्या होत्या. तिच्या स्वतःच्या नावावरचा तो निर्धास्त आकडा, तिच्या नोंदी टाइप करणाऱ्या जुनैदचा होता.

तिने पेन खाली ठेवलं. खात्री करायला एकच मार्ग उरला होता. जेवणाच्या सुट्टीत तिने घरून आपला लॅपटॉप मागवून घेतला आणि कंट्रोल रूमबाहेरच्या कठड्यावर बसून, धाकट्या बहिणीला गेल्या सहा वर्षांत पाठवलेल्या मेलवर तीच ओळ चालवली. पहिल्या दोन वर्षांत हजारी चार. मग सात. गेल्या वर्षी पंधरा. समोर आलेल्या ओळींत तिच्या घरातलं सगळं होतं, फक्त नावं नव्हती. ‘त्याच्यावरचं ते धुऊन घेतलं.’ ‘तिकडचं तसलंच आणलं या वेळी.’ बहिणीला हे सगळं कळत होतं. तिने कधी विचारलं नव्हतं.

भीती तिला वाटली, आणि ती साधीसुधी भीती नव्हती. पण तासाभराने, भीती जरा बसल्यावर, जे मनात आलं ते तिला भीतीपेक्षा वाईट वाटलं. हे कोणालाच माहीत नव्हतं. जुनैदच्या नोंदी इथून पुढे तिने सांभाळून, नावं घालून टाइप केल्या असत्या तर आकडा खाली आला असता. औषध विक्रांतच्या दुकानात होतं. गुपचूप सुरू करता आलं असतं. आठ-दहा वर्षं हाताशी होती. अण्णांचं काय, ऑगस्टअखेर इस्पितळाचा अहवाल येणार आणि ते सुटणार. एक पावसाळा घरी बसले तर आभाळ कोसळणार नव्हतं. सगळा हिशोब चोख बसत होता. तिने तो दोन दिवस मनात घोळवला, आणि त्या दोन दिवसांत तिला अन्न गोड लागलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी चार्ज घ्यायच्या वेळी, जुनैदला तासभर थांबायला सांगून, ती वसाहतीतल्या अण्णांच्या घरी गेली. सुवर्णावहिनींनी दार उघडलं. त्यांचे डोळे सुजलेले होते. हळू आवाजात त्यांनी सांगितलं, की हे हल्ली बोलतच नाहीत. जेवायला चला म्हटलं तर मान हलवतात, भाजी हवी तर बोट दाखवतात. शेजारचे आले तर आत निघून जातात. तुझ्याशी बोलले तर बघ.

अण्णा मागच्या अंगणात खुर्ची टाकून बसले होते. महिनाभरात ते वाळल्यासारखे दिसत होते. तिने समोर स्टूल घेतलं आणि बसण्याआधीच सांगून टाकलं, म्हणजे मागे फिरता येणार नाही.

“अण्णा, तुमच्या फायलींवर ती ओळ मी चालवली. साहेबांना मीच सांगितलं.”

“ठाऊक हाय,” अण्णा म्हणाले. बऱ्याच दिवसांनी वापरल्यासारखा त्यांचा आवाज आला. “दुसऱ्या कुणाला येतंय ते इथं?” मग म्हणाले, “मला विचारायचं व्हतंस. महिना व्हत आला, सुवर्णाला हाक मारायच्या आदी मी तिचं नाव मनात म्हनून बघतोय. निघतंय का न्हाई.”

स्वप्नालीला रडू आलं. ते तिने गिळलं, कारण खरं सांगायचं अजून बाकी होतं. तिने पिशवीतून कागद काढून त्यांच्या मांडीवर ठेवला. अण्णांनी चष्मा चढवला. आकडे समोर आल्यावर त्यांच्यातला ऑपरेटर जागा झाला आणि ते बोटाने ओळी मोजत खाली आले.

“जुनैदचं एप्रिलपातुर दोन. ते मी टाइप केलेलं.”

“हो.”

“आन मेमधलं?”

“ते मी केलेलं, अण्णा. तुमच्या नावावरचे चौदाही माझेच आहेत. तुमचा आकडा दोन आहे. पहिल्यापासून दोनच होता.”

अण्णांनी कागद पुन्हा वरून खालपर्यंत वाचला. मग ते उठले, आणि आधी मनात नाव म्हणून न बघता, धरणाच्या दरवाजापलीकडच्या माणसाला ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात त्यांनी हाक मारली, “सुवर्णा!”

वहिनी पीठ लागलेल्या हातांनीच धावत आल्या. अण्णांनी त्यांना सांगितलं, की ते माझं नव्हतंच, मापात घोळ झाला होता, मी धडधाकट आहे. वहिनींनी पदर तोंडाला लावला आणि त्या तशाच आत गेल्या. अण्णा हसत होते. हसत हसतच ते स्वप्नालीकडे वळले, आणि मग त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू जागच्या जागी थांबलं. आकड्यांचं दुसरं टोक त्यांना आता दिसलं होतं.

“म्हंजे तुझं...” ते म्हणाले आणि खाली बसले. “विक्रांतला सांगितलंस?”

तिने नकारार्थी मान हलवली. संध्याकाळी सांगणार होती. आधी इथून निकाळजे साहेबांकडे जायचं होतं. अर्ज लिहून पिशवीत तयार होता. नियम तिला लागू होताच, म्हणजे आजपासून तिचा हात दरवाजांवरून निघणार होता. आणि अण्णांना उद्या सकाळी सहाला हजर व्हायचं होतं, कारण चौथ्या दरवाजाच्या ब्रेकचं अस्तर अजून बदलायचं राहिलं होतं आणि जुनैदला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. हे सगळं तिने एका दमात सांगितलं. प्रत्येक वस्तूचं नाव तिने घेतलं, आणि घेताना ती ते मुद्दाम घेते आहे हे दोघांनाही कळत होतं.

“तू ह्ये गप ठिवलं असतंस तरी चाललं असतं,” अण्णा म्हणाले. “मला कुठं कळनार व्हतं?”

“तुम्हाला वहिनींना हाक मारता येत नव्हती,” स्वप्नाली म्हणाली.

अण्णांनी कागदाची नीट घडी घालून तो तिला परत दिला.

सुवर्णावहिनी वाटीत साखर घेऊन बाहेर आल्या. चिमूट भरून त्यांनी अण्णांच्या हातावर ठेवली. मग त्या स्वप्नालीकडे वळल्या आणि चिमूट तशीच हवेत राहिली. आतून त्यांनी सगळं ऐकलं होतं. या बाईच्या हातावर आता कोणत्या तोंडाने साखर ठेवायची, ते त्यांना कळेना.

स्वप्नालीने तळहात पुढे केला.

“द्या वहिनी,” ती म्हणाली. “बातमी चांगलीच आहे.”

वहिनींनी साखर तिच्या तळहातावर ठेवली, आणि तिची मूठ आपल्या पिठाच्या दोन्ही हातांत धरून त्या तशाच उभ्या राहिल्या.